उलटा फिरलेला कूलर

जळगावात चैत्र अर्धा सरला की दुपारी सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटतं. समोरच्या घराचं फाटक, त्यावर वाळत घातलेला टॉवेल, गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा. सगळं जागेवरच असतं, पण मध्ये उन्हाचं पाणी हलत असतं आणि त्याच्या पलीकडून ते दिसतं. या वेळेला मी अर्धवट झोपेत असते. पुस्तक छातीवर, चष्मा नाकावर आणि कानात कूलरची घरघर. त्या घरघरीवर तरंगत मी कुठे कुठे जाऊन येते. त्या दुपारी मी एसटीत बसले होते, खिडकीतून कुणाचं तरी कपाशीचं शेत मागे सरकत होतं, आणि एकाएकी गाडी थांबली. स्टँड नाही, फाटा नाही, नुसतीच थांबली. डोळे उघडले तर कूलर बंद पडला होता.

आईच्या खाटेकडे पाहिलं. ती जागीच होती. सावकाश कूस बदलून तिने आधी कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि खोटं कशाला बोलू, तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"बंद पडना," ती म्हणाली.

त्या समाधानाचं कारण मला ठाऊक होतं. आबा, म्हणजे माझे वडील, पावसाळ्याच्या शेवटी गेले. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावी, पत्र्याच्या घरात, आई एकटी उरली. मला भाऊ नाही, बहीण नाही. दिवाळी झाली तशी मी तिला जवळजवळ उचलूनच जळगावला आणलं. ती आली, पण राहायला आली नाही. तिची पिशवी खाटेच्या पायथ्याशी कायम भरलेली. रोजचं लुगडं त्यातून काढायचं, धुऊन वाळलं की घडी घालून परत त्यातच ठेवायचं. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं तिच्या वयाच्या बायका मानतात. त्यातून तिने पळवाट काढली होती. मी दिलेला पेला ती घ्यायची नाही, उठून माठातलं स्वतःच्या हाताने ओतून घ्यायची. आणि होळी झाल्यापासून तिचं एकच वाक्य चालू होतं, "आखाजीले मी गावले जासू."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आमच्याकडे मात्र माहेरच उठून लेकीकडे आलं होतं. मला भीती होती ती ही, की आखाजीच्या निमित्ताने गेली तर आई परत येणार नाही. वैशाख, पत्र्याचं घर आणि ती एकटी. मागच्या उन्हाळ्यात ती मागच्या दारी चक्कर येऊन पडली तेव्हा उचलायला आबा होते. तिला अडवायला माझ्याकडे एकच मुद्दा होता आणि तो खिडकीत बसवलेला होता. "तिथे कूलर आहे का? नाही ना? मग?" हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं की कूलर बंद पडल्यावर माझं तोंडच बंद झालं.

मेकॅनिकला फोन केला. उन्हाळ्यातला कूलरवाला आणि लग्नसराईतला भटजी, दोघेही कायम निघालेलेच असतात. "निघालोच ताई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो निघालेलाच होता. मला थांबता येत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. दूध तापेपर्यंत मी गॅसपाशी उभी राहू शकत नाही, म्हणून आमच्याकडे ते रोज उतू जातं. मी फोनवर कूलर दुरुस्तीचा एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हिंदीत सारखं "बहुत आसान है" म्हणत होता. मग मी ओढणी कमरेला बांधली आणि स्वयंपाकघरातला पेचकस शोधून काढला.

आमचा कूलर बाहेर ओट्यावर, लोखंडी घोडीवर उभा असतो आणि त्याचं तोंड खिडकीतून आतल्या खोलीत येतं. तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, आत पंखा, खाली पाणी. पाण्याचा छोटा पंप चालू होता. बटण दाबलं की पंखा नुसता गुरगुरायचा आणि जागचा हलायचा नाही. झाडूच्या दांड्याने पात्याला ढकललं तर आळसावून दोन फेरे घ्यायचा. व्हिडिओतल्या माणसाच्या मते याचा अर्थ कंडेन्सर गेला. कंडेन्सर म्हणजे मोटारीला पहिला धक्का देणारी डबी. सकाळच्या उन्हातच बाजारात जाऊन मी ती आणली आणि जेवणं झाल्यावर प्लग काढून कामाला बसले.

"तुले जमाव नही," आई खाटेवरून म्हणाली.

"बघशील."

"देखस ना मी. देखीच राहिनू."

पण तिला नुसतं बघत राहणंही जमत नाही. मी ओट्यावर जाऊन ताट्या काढल्या तेव्हा ओल्या गवताचा वास घरभर पसरला, आणि त्या वासाने तिला बाहेर ओढून आणलं. तो वास गव्हाणीचा असतो, पाटाच्या कडेचा असतो. शहरात तो फक्त कूलरला येतो. तिने माझ्या हातातली ताटी काढून घेतली, ओट्यावर फतकल मारून बसली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने गवतावरचा क्षाराचा पांढरा थर खरवडायला लागली. मी आत गेले आणि खिडकीतून मोटारीशी झटापट सुरू केली.

ती दुपार माझ्या मनात अजून जागेवर उभी आहे. मी आत, ती बाहेर, मध्ये कूलरचा रिकामा सांगाडा. ताट्या नसल्यामुळे पात्यांच्या फटींतून मला ती दिसत होती. एका फटीत कपाळ, दुसऱ्या फटीत हनुवटी. बाहेरच्या पांढऱ्या उजेडात तिचे केस आणखी पांढरे दिसत होते. ती काहीतरी गुणगुणत होती आणि मला वाटत होतं मी पुन्हा झोपेतच आहे, फक्त या झोपेत माझ्या हाताला ग्रीस लागलंय. मोटारीतून निघालेल्या वायरी धुळीने एकाच रंगाच्या झाल्या होत्या. कोणती कुठली हे कळावं म्हणून मी आधी फोटो काढून ठेवला होता. फोटोतही त्या एकाच रंगाच्या होत्या. शेवटी अंदाजाने जोडल्या, टेप गुंडाळला, प्लग लावला, बोटं लांब घेतली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला! घड्याळाच्या काट्यासारखा, सुलट, भरकन. मी "झालं!" म्हणून ओरडणार एवढ्यात बाहेरून आई किंचाळली.

"बंद कर! बंद कर! उलटी चालनी!"

मी घाबरून बटण बंद केलं. "काय झालं?"

"मोटार उलटी फिरी राहिनी. जळी जाई. दोन वायरी पलटाडी दे."

"सुलटीच फिरतेय, माय. मी बघितलं ना."

"मी नही देखं का? माले सांगू नको मोटारनं. त्या पंप्यावर बाण काढेल व्हता, त्या बाणकडेच फिराले पायजे. पलटाड म्हनस ना!"

आता इथे शेतावरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या विहिरीवर मोठी मोटार होती. कधी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काम निघालं, वायरमनने वायरी काढून पुन्हा लावल्या, की मोटार उलटी फिरायला लागायची. उलटी मोटार नुसता आवाज करते, पाणी उचलत नाही आणि तशीच चालू ठेवली तर बिघडते. खानदेशातल्या विहिरीवाल्या घरात हे पोरासोरांनाही माहीत असतं, आणि त्यावरचा इलाजही: ताबडतोब बंद करायची, स्टार्टरच्या पेटीतल्या दोन वायरींची अदलाबदल करायची, पुन्हा चालू करायची. आबा विहिरीपाशी पेटीजवळ असायचे. आई शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, पाइपाच्या तोंडाशी. मध्ये कपाशी नाहीतर कांदा. मोटार सुरू करून आबा ओरडायचे, "उनं का?" आणि पाणी आलं असेल तर तिकडून आई ओरडायची, "उनं!" अहिराणीत उनं म्हणजे आलं. नसेल आलं तर ती काहीच बोलायची नाही. तिच्या गप्प राहण्यावरून आबांना कळायचं की वायरी पलटायच्या आहेत.

हे मला त्या दुपारी तिनेच सांगितलं. मला ते माहीत होतं, लहानपणी मी बांधावर बसून ऐकलंही होतं, पण आबा गेल्यापासून तिने त्यांच्याविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. आता हातात ब्रश, मांडीवर ताटी, आणि पात्यांच्या फटींतून तिचा आवाज येत होता. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा कशी फुसफुसते, मग थोडा गढूळ थेंब, मग एकदम धार. एकदा कसं त्यांनी मुद्दाम दोनदा विचारलं, आणि संध्याकाळी भाकरीला बसल्यावर म्हणाले की तुझा आवाज शेताच्या त्या टोकावरून चांगला लागतो. सांगताना ती लाजली. माझी आई लाजलेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि तीही पंख्याच्या पात्यांतून, तुकड्या-तुकड्यांत.

अशा बाईला काय सांगायचं की तू चुकतेस? मी निमूट प्लग काढला, टेप सोडला आणि वायरी पलटवल्या. पंखा आतून बघितला तर सुलट दिसतो आणि पाठीमागून बघितला तर तोच उलट दिसतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तिच्याही नाही. मी तिच्या आवाजाने भारावले होते आणि ती विहिरीवर होती.

ताट्या लावल्या, पाणी भरलं, प्लग लावून बटण दाबलं. पंखा झकास सुरू झाला. मी आत कूलरसमोर तोंड पुढे करून उभी राहिले. वारा नाही. उलट खिडकीचा पडदा कूलरच्या तोंडाला जाऊन चिकटला आणि मेजावरचं वर्तमानपत्र सळसळत त्याच्याकडे निघालं. घरातला होता नव्हता तो वारा कूलर बाहेर ओढून नेत होता. आणि बाहेरून, ओट्यावरून, आईचा खणखणीत आवाज आला.

"उनं! उनं वं माय!"

जळगावच्या चैत्रात कुणी असं ओरडलं तर पाऊस आला वाटून माणसं आधी आभाळाकडे बघतात. मी धावत बाहेर गेले. तिन्ही ताट्यांमधून ओला, गार वारा ओट्यावर पसरला होता. त्यात पाण्याचे बारीक तुषार होते. आई डोळे मिटून बसली होती, पदर खांद्यावरून उडत होता आणि पापण्यांवर पाणी होतं. ते तुषारांचं की कसलं, मी विचारलं नाही.

"माय, अगं उलटा बसला हा. आत वाराच नाही," मी म्हणाले. "सरक, मी परत पलटवते."

तेवढ्यात शेजारीण फाटकातून आत आली. ती फैजपूरकडची, तिची बोली वेगळी, आणि एरवी दुपारी ती दार उघडत नाही. "काय व माय, काय गार वारा येऊन राह्यला!" म्हणून ती ओट्यावर टेकली, ती टेकलीच. मग समोरच्या घरातली म्हातारी आली, निवडायची मेथी घेऊन. मग कोपऱ्यावरच्या मुसलमान घरातली, जिच्याशी इथे आल्यापासून माझं फक्त मानेने बोलणं होतं, ती शिवणाची कापडं घेऊन आली. कूलरने त्यांना ओढून आणलं, पण बसवून ठेवलं माझ्या आईने. एवढे महिने घरात मुकी असलेली ही बाई ओट्यावर अशी बोलत होती की मला तिच्यात शब्द टाकायला जागा सापडेना. कांद्याला पाणी किती द्यावं, पापडाचा खार कसा जमतो, आणि मोटार उलटी फिरली तर काय करावं. मोटारीचं तिने फार ठासून सांगितलं.

बायका गेल्यावर मी पेचकस घेऊन आले तेव्हा तिने माझा हात धरला.

"राहू दे ना वं."

"माय, आत भट्टी झालीय."

"आत मी एकलीच शे. भाहेर बठ्ठ्या शेतस."

मी तिच्यासाठी गार खोली केली होती, दार लावून, पडदे ओढून, आणि ती तिथे भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला वाटायचं तिला ऊन सोसत नाही. तिला माणसं हवी होती. मी पेचकस ठेवून दिला आणि तिच्या शेजारी वाऱ्यात बसले.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला, ओट्यावर थांबला, ताटीपुढे हात धरून बघितला. "लोक वीज जाळून घर गार करतात. तुम्ही मायलेकींनी गल्ली गार करायला घेतली," तो म्हणाला. मग गादी उचलून गच्चीवर झोपायला गेला. कूलर तसाच राहिला. आमचा ओटा दुपारी भरू लागला. कुणी वाळवण घेऊन यायचं, कुणी नुसतं लवंडायला. मी भिंतीला टेकून त्या बायकांच्या बोलण्यात डुलक्या घ्यायचे. अहिराणी, फैजपुरी, उर्दू, सगळं एकमेकांत मिसळून कानावर यायचं आणि त्यातून पाण्याचा ठिबक-ठिबक आवाज. त्या दिवसांत मी सुखी होते. आई आता थांबेल अशी माझी खात्री झाली होती.

आखाजी जवळ आली आणि तिने पिशवी उचलून दारापाशी ठेवली.

मी चिडले. चांगलीच चिडले. "आता काय कमी आहे इथे? ओटा आहे, वारा आहे, बायका आहेत. तिथे कोण आहे तुझं?"

तिने पिशवीचे बंद घट्ट बांधले. मग म्हणाली, "आखाजीले त्या येतीन ना." अहिराणीत 'त्या' म्हणजे ते, आबा.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबे. गेलेली माणसं त्या दिवशी तहानलेली घरी येतात आणि पाणी पिऊन जातात, असं मानतात. आबांची ही पहिली आखाजी.

"घागर आपण इथे भरू," मी म्हणाले.

"आठे? त्यास्ले आठला पत्ता कोठे माहीत शे?"

हे खरं होतं. मागच्या पावसाळ्यात आम्ही हे घर घेतलं तेव्हा आबा अंथरुणाला खिळले होते. बरं वाटलं की येतो म्हणाले आणि राहून गेलं. आमच्या या दारात ते कधी आलेच नाहीत.

"गावले जातीन त्या," आई म्हणाली. "इतला उन्हमातून येतीन, आनि घरले कुलूप दिखी त्यास्ले." आणि ती रडायला लागली. इतके महिने रडली नव्हती ती त्या कुलपापाशी येऊन रडली. मी तिची पिशवी उचलली आणि माझीही भरली.

आम्ही दोघी एसटीने गेलो. घर उघडलं, झाडलं. आखाजीच्या सकाळी तिने घागर भरली, वर डांगर ठेवलं, उंबरठा सारवून त्यावर कुंकवाची बोटं उमटवली, एकेका पितराचं नाव घेत. शेवटचं बोट आबांचं. मी भिंतीला टेकून बघत होते. मी असलं काही मानत नाही. आबांशी मी यावरून पुष्कळ वाद घातलेले आहेत. दार सताड उघडं होतं आणि अंगणातलं ऊन उंबरठ्यापर्यंत आलं होतं. मला एकच विचार छळत होता, की संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच परत जाणार की काय.

आई उंबरठ्याशी बसून राहिली. मग समोर कुणी बसलं असावं तशा साध्या आवाजात बोलायला लागली.

"पानी प्या. बसा घडीभर. आते पुढला साल आठे येऊ नका, मी आठे नही. मी आंडेरकडे शे, जळगावले. स्टँडवर उतरा. रिक्षा करू नका, त्या फिरवी फिरवी नेतस. सरळ चालत पान्यानी टाकीपावत या. टाकीपाशी उजवा हातले वळा, मंग गल्ली लागस. ज्या ओट्यावर बाया बसेल दिखतीन, तेच घर."

आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी. ती राहणार होती. ती मला काही न सांगता त्यांना सांगत होती. आणि पत्ता चुकीचा सांगत होती. ती रोज सकाळी घराकडून टाकीपर्यंत फिरायला जायची, तिला वाट तिकडूनच ठाऊक. स्टँडकडून येणाऱ्याला टाकीपाशी डावीकडे वळावं लागतं. उजवीकडे गेलं तर दाल मिलच्या मागे रिकामे प्लॉट आहेत, तिथे सावलीला झाडसुद्धा नाही.

"उजव्या नाही, माय," मी म्हणाले. "डाव्या. डाव्या हाताला सांग त्यांना. नाहीतर उन्हात फिरत बसतील."

आईने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा उंबरठ्याकडे वळून, जरा मोठ्याने, लांब शेताच्या टोकाला ऐकू जावं तसं म्हणाली, "डावा हातले वळा! तुमनी आंडेर सांगस, डावा हातले!"